एकावर एक दोन ठोकळे

स्टॅम्पर्स ब्रँच, केंटकी
१४ एप्रिल

वेंडेलदादा,

आधी फोटो बघ, मग पत्र वाच. बघितलास? आता आ वासलेलं तोंड मीट. होय, ही तुझीच पिकअप. तू जाताना म्हणाला होतास, "डेन्व्हर, गाडीकडे लक्ष ठेव." नुसतं लक्ष ठेवून भागलं असतं तर बरं झालं असतं. पण फेब्रुवारीच्या पुराने ओढ्यातली वाट पार खाऊन टाकली आहे. आपल्या कबरस्तानाकडे चढायला आता वाट अशी नाहीच, नुसते धोंडे. मार्चमध्ये मी तुझी गाडी वर न्यायला गेलो तर पहिल्याच वळणावर तिचं पोट दगडावर टेकलं आणि चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

आईला हे सांगितलं तर तिने पोळपाटावरचं बिस्किटाचं पीठ तसंच टाकलं आणि म्हणाली, "मागच्या वर्षी डेकोरेशनच्या रविवारी, सगळे कबरी सजवतात तेव्हा, मी दवाखान्यात पडले होते. तुझ्या बापाच्या कबरीवर कुणी धड फूल ठेवलं नाही. यंदा मला रांगत जावं लागलं तरी मी जाणार." ब्याऐंशी वर्षांची बाई रांगायला निघाली, मग मी काय करू?

तर मी गाडी जमिनीपासून उंच केली. पूर्ण नवं किट आपल्याकडे कोण विकत घेतं? तू केलंस तसंच केलं, याचं थोडं, त्याचं थोडं. पुढे तुझे उंच शॉक होतेच, त्यांच्या डोक्यावर दोन इंची चकत्या बसवल्या. मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली तुझे तीन इंची ठोकळे होते, त्यांच्याखाली शेजारच्या ल्यूथरच्या मोडीतल्या गाडीचे चार इंची घातले. बॉडी आणि चासीच्या मध्ये गट्टू. आता आईला चढायला दुधाचा क्रेट उलटा ठेवावा लागतो, पण ती आत बसली की महाराणी दिसते.

शेल्बी तीच गाडी घेऊन रोज हायस्कूलला जाते. तुझी पोरगी सतरा वर्षांची झाली, वेंडेल. तिच्या आईचा ओहायोहून नाताळनंतर फोन नाही, आणि तुझे फोन ती घेत नाही. तो तुमचा बापलेकीचा मामला, मी मध्ये पडत नाही. पण गाडी झकास चालवते. २५ मेला, डेकोरेशनच्या रविवारी, तीच चालवणार. केबिनमध्ये आई, मागे हौद्यात खुर्च्या टाकून ओरा मावशी आणि चर्चच्या बायका. नऊ जणी.

जूनमध्ये तुझी पॅरोलची सुनावणी. सुटून आलास की तुला पण फिरवून आणू, क्रेट देतो चढायला.

तुझा
डेन्व्हर


२४ एप्रिल

डेन्व्हर,

पत्र काल मिळालं. इथे आत मूळ फोटो देत नाहीत, त्याची काळी-पांढरी नक्कल देतात, तीही अशी की माणूस आणि कुत्रा ओळखू येऊ नये. तरी मला जे दिसायचं ते दिसलं. मागच्या चाकाशेजारी दोन ठोकळे, एकावर एक. पुढच्या चाकाचा आर्म असा खाली लोंबतोय की आता निखळेल की मग.

अक्कल कुठे गहाण टाकलीस? बारा वर्षं माझ्या गॅरेजमध्ये होतास तू. बारा वर्षं पाने पुसलेस आणि कॉफी ढोसलीस, एवढंच केलंस का? वरचा ठोकळा अॅल्युमिनियमचा, खालचा लोखंडी. एक सपाट, एक उतरता. दोघांची रुंदीसुद्धा एक नाही. चकती चांगली असेल, उंच शॉक चांगला असेल, दोन्ही एकत्र केले की खड्ड्यात चाक खाली सुटल्यावर ते धरून ठेवणारा बॉल जॉइंट काय सहन करणार? दोन चांगल्या माणसांचं लग्न लावलं म्हणून संसार चांगला होतोच असं नाही, हे तरी तुला माहीत असायला हवं, दोनदा मोडलंयस.

पत्र मिळेल त्या दिवशी मागचे खालचे ठोकळे काढ. पुढच्या चकत्या काढ. गट्टू राहू देत. शेल्बीला त्या गाडीत बसू देऊ नको. शाळेला तुझ्या गाडीने सोड. कबरस्तानात जायचं तर खेचर आणा, नाहीतर जाऊ नका. बाबा कुठे पळून जात नाहीत.

तू नाताळला माझा नंबर बंद करून टाकलास, आईला फोनवर ऐकू येत नाही, आणि पोरगी बोलत नाही. म्हणून लिहितोय. उलट उत्तर नको आहे, काम हवं आहे.

वेंडेल


२ मे

दादासाहेब,

हुकूम पोचला. तुरुंगात बसून सुद्धा गॅरेज तुझंच, गाडी तुझी, अक्कल तुझी, आणि आम्ही पाने पुसणारे.

तुझा नंबर का बंद केला ते तुला चांगलं ठाऊक आहे. नाताळच्या जेवणावर आई डोळे पुसत होती आणि तू फोनवर मला शिव्या देत होतास की वकिलाला वेळेवर कागद का नेले नाहीत. दोन वर्षं तुझी आई मी बघतोय, तुझी पोर मी बघतोय. एक शब्द गोड नाही. आता फोटो पाठवला, वाटलं खूष होशील, तर माझी लग्नं काढलीस.

आणि एक सांग. कोर्टात काय म्हणाला होतास तू? मी तिथेच बसलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. सरकारी वकिलाने विचारलं, "कोडी ब्रॅन्हमच्या गाडीला तुम्ही एकावर एक दोन ठोकळे लावलेत?" तू छाती पुढे काढून म्हणालास, "लावले. दहा वर्षं लावतोय. त्यात वावगं काही नाही. पाचशे मैलांनी परत येऊन नट आवळून घ्यायचे असतात. पोराला सांगितलं होतं, पोरगा आला नाही." गाडी तपासणाऱ्या इन्स्पेक्टरनेही सांगितलं की ठोकळे आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट सैल होते. म्हणूनच ज्यूरीने तुला दहाऐवजी पाच वर्षं दिली, अर्धा दोष पोराचा म्हणून.

आणि मी काय केलं? बायबलवर हात ठेवून सांगितलं की होय, वेंडेल त्या पोराला नट आवळायचं सांगत होता ते मी माझ्या कानांनी ऐकलं. आता नीट आठवत नाही मी नक्की काय ऐकलं, पण तू म्हणालास, "तू तिथेच होतास ना, ऐकलं असशील," म्हणून सांगितलं. मिस इमोजीन फ्यूगेट मेली कोडीच्या गाडीच्या त्या धडकेत. शाळेच्या जेवणात मला कायम दुसरा कॉर्नब्रेड वाढणारी बाई. तिच्या शवपेटीसमोरून मी गेलो आणि मग तुझ्या बाजूने बोललो. कोडी ब्रॅन्हमच्या बापाशी चर्चच्या पटांगणात हाणामारी केली. माझा दात गेला त्यात.

म्हणून मी काय करतो, दर रविवारी प्रार्थनेआधी गाडीखाली शिरतो आणि नट आवळतो. तू सांगितलंस तेच. एकदाही सैल सापडले नाहीत. ओढ्यातून दोनदा वर जाऊन आलो. मग माझ्या कामात खोट कुठे?

मला वाटतं तुला जळफळाट होतोय. तुझ्याशिवाय गाडी उभी राहिली, आई वर चाललीय, आणि तू तिथे नाहीस. तसं म्हण ना सरळ.

गाडी आहे तशीच राहील.

डेन्व्हर


८ मे

डेन्व्हर,

जळफळाट! माझं काय जळतंय ते तुला कळलं असतं तर तू आत्ता गाडीखाली असतास.

तुझं पत्र वाचून मी भिंतीवर हात आपटला. इथल्या परिचारकाने पट्टी बांधली. लिहायला त्रास होतोय म्हणून थोडक्यात लिहितो.

कोडीच्या गाडीची गोष्ट वेगळी होती. ठोकळे वेगळे होते. पोरगा रगेल होता, गाडी हाणायचा. शेल्बीची गाडी वेगळी, रस्ता वेगळा. मागे नऊ बायका बसल्या की पाट्यांवर भार येतो, उतारावर ब्रेक दाबला की तो भार ठोकळ्यांना मागे ढकलतो. म्हणून काढ म्हणतोय. नुसतं आवळून पुरत नाही. दर वेळी पुरेलच असं नाही. मी हे धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय.

तुझ्या दाताचं वाईट वाटतं. माझ्यासाठी तू उभा राहिलास, विसरलेलो नाही. सुटून आलो की भरपाई करीन. सुनावणीला पाच आठवडे राहिलेत. इथे रेकॉर्ड चांगलं आहे, पाद्रीने शिफारस दिलीय, सगळं जुळून आलंय. आता या वेळी मला आणखी काळजी लावू नको.

हात जोडतो. काढ ते ठोकळे. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडतोय, त्याची तरी लाज राख.

सोबतची चिठ्ठी शेल्बीला दे. उघडू नको.

वेंडेल


१४ मे

वेंडेल,

चिठ्ठी शेल्बीला दिली. तिने माझ्यासमोर वाचली आणि मलाच वाचायला दिली. "प्रिय बाळ, काही दिवस काकाच्या गाडीने शाळेला जा, कारण विचारू नको." ती म्हणाली, "डॅडी मला सतरा वर्षं हेच सांगतायत, काका. कारण विचारू नको." आणि किल्ली घेऊन गेली. मी अडवलं नाही. काय सांगून अडवणार होतो? मलाच कारण कळलेलं नाही.

तुझी दोन्ही पत्रं मी काल स्वयंपाकघराच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मी तुझ्याइतका हुशार नाही, पण वाचता येतं मला. कोर्टात तू म्हणालास, आवळले की काही होत नाही. आता म्हणतोस, आवळून पुरत नाही. कोर्टात म्हणालास, दहा वर्षं लावतोय, वावगं नाही. आता म्हणतोस, पोरीला त्यात बसू देऊ नको.

दोन्ही खरं असू शकत नाही, दादा. एक तर तू तेव्हा खोटं बोललास, नाहीतर आता बोलतोयस.

आता खोटं बोलत असशील, तर माझ्यावर हुकूम गाजवायला आईचा वर्षाचा एक दिवस हिरावून घेतोयस. मग तुझं तोंड पाहणार नाही.

तेव्हा खोटं बोलला असशील, तर मी बायबलवर हात ठेवला होता.

कोणतं ते लिही. गोल गोल नको. तसं लिहून आलं नाही तर रविवारी गाडी जाणार, शेल्बी चालवणार, आणि मी हौद्यात बायकांबरोबर बसणार.

डेन्व्हर


१९ मे, सोमवार

डेन्व्हर,

तेव्हा बोललो.

पत्र आत्ता हातात आलं आणि आत्ताच लिहायला बसलोय. टपालाची पिशवी तीनला जाते. शनिवारपर्यंत पोचलं नाही तर मी काय करीन मला माहीत नाही. हे पत्र बाहेर जाण्याआधी इथले लोक वाचतात. नक्कल काढून ठेवतात. ते मला ठाऊक आहे, आणि तुलाही ठाऊक असू दे, म्हणजे मी हे तुला फसवायला लिहीत नाही हे कळेल.

कोडी ब्रॅन्हमला मी नट आवळायला परत ये असं कधीच सांगितलं नाही. शनिवार होता, मला घाई होती. त्याला सात इंच हवे होते, माझ्याकडे एक तीन आणि एक चार पडले होते. लावले एकावर एक. तो "थँक यू सर" म्हणाला आणि गेला. रगेल नव्हता तो. हळू चालवायचा. तू काहीच ऐकलं नव्हतंस, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतं.

नवव्या दिवशी धडक झाली. क्रेन माझीच, म्हणून पोलिसांनी मलाच बोलावलं. मिस इमोजीनना अॅम्ब्युलन्समध्ये घालत होते. मी कोडीच्या गाडीखाली पाहिलं. वरचा ठोकळा खालच्यावरून निसटून बाहेर आला होता, मधली खुंटी कापली गेली होती, एक्सल वाकडा होऊन गाडी आपोआप समोरच्या बाजूला गेली होती. आणि नट घट्ट होते. चारही. मी हाताने बघितले. मी जसे आवळले होते तसेच, दगडासारखे.

गाडी माझ्या आवारात आणली. इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी येणार होता. मी पाना घेतला आणि चारही नट तीन-तीन फेरे सैल केले.

हे झालं. तू दर रविवारी नट आवळतोस ना, ती मी केलेल्या खोट्याची राखण करतोस. त्याने ठोकळा थांबत नाही. नट कितीही घट्ट असू दे, तो निसटतो, आणि कधी निसटेल ते कळत नाही. त्या पोराचा नऊ दिवसांनी निसटला. तुझे पाच आठवडे टिकले म्हणजे तू शहाणा नाहीस, तुझं नशीब आहे.

मला वाटलं होतं नुसतं रागावून काम होईल. तुला लहानपणापासून रागावलं की तू करायचास. मग वाटलं हात जोडून होईल. हे लिहावं लागू नये म्हणून सगळं करून पाहिलं. सुनावणी जवळ आली होती.

काढ ते. आता तुला कारण मिळालं. आता तरी काढ, गाढवा.

वेंडेल


१ जून

वेंडेल,

पत्र शनिवारी अकराला आलं. टपालवाल्या बाईने हॉर्न वाजवला तेव्हा शेल्बी गाडी धूत होती, दुसऱ्या दिवसासाठी. मी पायरीवर उभ्या उभ्या वाचलं. मग तिच्या हातातून पाण्याची नळी घेतली, बंद केली, आणि जॅक आणायला गेलो.

नट घट्ट होते. मागच्या रविवारी आवळले होते तसेच. खोलून बघितलं तर डाव्या बाजूचा वरचा ठोकळा खालच्यावरून जवळपास अंगठ्याएवढा पुढे सरकला होता. अॅल्युमिनियमवर ताजी चमकती रेघ पडली होती. मी गाडीखालीच त्या ठोकळ्याला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. आईला वाटलं मी प्यालोय. वाटू दिलं.

रविवारी आई वर गेली. स्वयंपाकघरातली खुर्ची घेतली, तिला दोन बांबू बांधले, आणि चौघांनी उचलून ओढ्यातून नेली. मी, ल्यूथर, पाद्री आणि कोडी ब्रॅन्हमचा बाप. होय, तोच. तो का आला ते सांगतो.

शनिवारी दुपारी ठोकळे काढून झाल्यावर मी तुझं पत्र घेऊन ब्रॅन्हमांच्या दारात गेलो. बाप बंदूक घेऊन बाहेर आला. मी म्हटलं, "हे आधी वाच, मग काय ते कर." त्याने वाचलं आणि आत हाक मारली. कोडी बाहेर आला. एकवीस वर्षांचा असेल, वेंडेल, पाठीला बाक आलाय. दोन वर्षं तो पोरगा दुकानात जात नाही, चर्चला जात नाही, गाडीत बसत नाही. त्याने वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग बापाला म्हणाला, "पप्पा, नट घट्ट होते." फक्त एवढंच. आणि खाली बसला.

मंगळवारी मी त्या दोघांना काउंटीच्या कचेरीत घेऊन गेलो. पत्राची नक्कल तिथे दिली. कोडीनंतर मी बसलो आणि सांगितलं की कोर्टात शपथेवर सांगितलेलं मी काही ऐकलं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं. माझं काय होईल ते पुढच्या महिन्यात कळेल. तुझ्या वकिलाचा फोन आला होता, तुझी सुनावणी रद्द झालीय. तो माझ्यावर ओरडत होता. मी फोन ठेवला.

मी तुझ्यावर इतका चिडलोय की हे लिहिताना पेन दोनदा मोडलं. माझ्या शपथेसाठी चिडलोय, त्या पोराच्या दोन वर्षांसाठी चिडलोय, मिस इमोजीनसाठी चिडलोय. तुझं शेवटचं पत्र वाचून लोक म्हणतात, बघा, पोरीसाठी स्वतःचा पॅरोल घालवला. ओरा मावशी तर रडली. मीही अर्धा दिवस तसंच म्हणत होतो.

मग शेल्बीने सगळी पत्रं मागितली. मी दिली. ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन बसली. पोरगी गणितात हुशार आहे, तुझ्यावर गेलीय. अर्ध्या तासाने बाहेर आली आणि म्हणाली:

"काका, डॅडींनी फोटो पाहिला तेवीस एप्रिलला. खरं लिहिलं एकोणीस मेला. मधल्या काळात शाळेचे अठरा दिवस होते. मी अठरा दिवस त्या गाडीतून गेले आणि आले, मिस इमोजीन मेली त्याच वळणावरून. डॅडींना ते रोज माहीत होतं."

तिला पत्ता दिलाय, पण ती म्हणते, आधी त्यांनी लिहावं. तेव्हा तू लिही. मला नको, तिला लिही. आणि कारण विचारू नको असं या वेळी लिहू नको.

डेन्व्हर